पंचा वाळत नाही

रविवार, ७ जुलै १९८५
शॉमबर्ग, अमेरिका

जावयांच्या कंपनीने त्यांना उन्हावर दोन तासांचं व्याख्यान दिलं. दोन तास! देणारा डॉक्टर मिनेसोटाचा, म्हणजे जन्मभर दारातला बर्फ उपसलेला माणूस. मी हेमचंद्ररावांना म्हटलं, "त्याला सांगा, माझी सासू चंद्रपूरची आहे. एक मे महिना आमच्याकडे काढ म्हणावं, मग उन्हावर बोल."

ते हसले. फार बोलत नाहीत. मी आल्यापासून त्यांनी मला एकदाही 'नाही' म्हटलेलं नाही. कारल्याची भाजी दोनदा वाढली, दोनदा खाल्ली. नंतर नंदाने सांगितलं की त्यांना कारलं चालत नाही.

महिनाअखेरीला ते सौदी अरेबियात जाणार, दम्मामला. समुद्राचं पाणी गोडं करायचा कारखाना आहे, तिथले पंप बसवायचे. ऑक्टोबरपर्यंत मुक्काम. नंदाला काळजी आहे, पण ती माझ्यासमोर हा विषय काढत नाही. ऊन म्हटलं की टेबल आवरायला लागते. ह्यांच्यामुळे.

हे रस्त्याच्या कामावर ओव्हरसियर होते. मे महिन्यात दुपारी मजुरांनी उचलून घरी आणलं तेव्हा अंग तव्यासारखं तापलेलं आणि घामाचा टिपूस नाही. संध्याकाळपर्यंत सगळं आटोपलं. नंदा तेव्हा नागपूरला हॉस्टेलवर होती. रडायचं ते रडून झालं आहे. पण ऊन काय असतं ते मला कळतं, आणि या घरातला दुसरा माणूस मी त्याच्या हाती लागू देणार नाही. बास.

गुरुवार, ११ जुलै

सराव सुरू केला. ऑफिसातून आले की जावयांना चहाच्या आधी रस्त्यावर काढते. डोक्यावर ओला पंचा, मानेवर त्याचं टोक, खिशात कांदा. मी सोबत. शेजारचा गोरा गवत कापायचं यंत्र थांबवून बघत राहिला. मी त्याला हात केला, त्यानेही केला.

वीणा खिडकीतून ओरडली, "आजी, धिस इज सो एम्बॅरसिंग!" दहा वर्षांची आहे, पण लाज चाळिशीतल्या बाईची.

जावयांकडून नियम पाठ करून घेतले. तहान लागायची वाट बघायची नाही. लघवी पिवळी दिसली की पाणी कमी पडलं समजायचं. भर दुपारी सावली सोडायची नाही. आणि घाम थांबला की हातातलं काम तिथल्या तिथे टाकायचं, साहेब समोर उभा असला तरी. हा शेवटचा पुन्हा पुन्हा वदवून घेतला. हा माणूस दिवसभर कॉफीवर जगतो, पाण्याशी जुनं वैर असल्यासारखा. आता माझ्या धाकाने तांब्याभर पितो.

एक शंका काढली त्यांनी. "आई, डॉक्टर म्हणत होता तिथे ह्युमिडिटी खूप असते. समुद्र जवळ आहे ना."

म्हटलं, "मग तर बरंच आहे. समुद्राचा वारा गार. आमच्याकडे तर लू वाहते, भट्टीचं दार उघडावं तशी. चंद्रपूरला टिकला तो कुठेही टिकतो."

"तुम्ही म्हणता म्हणजे बरोबरच असणार," म्हणाले.

गुरुवार, १८ जुलै

आजपासून अधिक महिना, अधिक श्रावण. किती वर्षांनी योग आला! लेक-जावई इथे आणि मी तिथे, त्यामुळे आजवर प्रत्येक अधिकात मनीऑर्डरसारखं नुसतं मनातल्या मनात वाण दिलं. यंदा जावई समोर आहेत. तेहेतीस अनारसे, तांब्याचं ताट, वर दिवा. तांदूळ आजच भिजत घातले. इथला तांदूळ लांबुळका आहे, जाळी पडेल की नाही कोण जाणे. नंदा म्हणाली, "आई, बत्तासे दिले तरी चालतात ना? डेव्हन अॅव्हेन्यूवर मिळतील."

चालतात. पण मला नाही चालत.

शुक्रवार, २६ जुलै

अनारसे जमले! पहिले दोन तुपात हसले, विरघळून गेले. मग पिठात मूठभर कोरडी तांदळाची पिठी मिसळली आणि पुढचे असे फुलले की मीच बघत राहिले. खसखस डेव्हनच्या वाण्याकडची, पांढरीशुभ्र. प्रत्येकाला भरपूर लावली.

संध्याकाळी ताट दिलं. जावई पाटावर बसले, नंदा शेजारी. लक्ष्मीनारायणच दिसत होते. मी म्हटलं, "सगळे सोबत न्यायचे. तिकडच्या उष्म्यात घरचं तूप पोटात हवं."

त्यांनी ताटाकडे बघितलं. म्हणाले, "आई, खसखस लावावीच लागते का?"

"खसखशीशिवाय अनारसा म्हणजे मिठाशिवाय वरण."

त्यांनी नंदाकडे बघितलं. नंदाने दिव्याकडे. मग ते म्हणाले, "नेतो, आई. सगळे नेतो." आणि वाकून नमस्कार केला. भिडस्त माणूस, गोड आवडतं हे सांगायलाही लाजतो.

डबा त्यांच्या बॅगेत मीच भरला. कपड्यांच्या मध्ये, म्हणजे हलणार नाही. एक छोटा गणपतीही ठेवला.

शनिवार, २७ जुलै

इंजिनिअर लोकांचं स्वच्छतेचं वेड! आज जावयांनी भरलेली बॅग पूर्ण रिकामी केली, गॅरेजमध्ये नेली आणि व्हॅक्यूमने आतून साफ केली. एकदा केली, मग पुन्हा केली. शिवणींतून नळी फिरवत होते. मी घडी घातलेले सगळे कपडे नंदाने परत धुवायला टाकले. शर्टाचे खिसेसुद्धा उलटे करून. मी विचारलं तर म्हणाली, "एअरपोर्टवर बॅगा उघडतात, आई. नीट दिसावं."

गणपती मात्र देवघरात परत आला. "घर सांभाळायला तो इथेच असू दे," असं जावई म्हणाले. हे मला पटलं.

डबा पुन्हा मी भरते म्हटलं तर नंदा म्हणाली, "मी भरते, तू बस जरा." बसले.

रविवार, २८ जुलै

गेले. विमानतळावर मी गेले नाही, गाडीत चक्कर येते. दारात त्यांच्या हातावर दही घातलं. पंचा त्यांनी स्वतःहून हातातल्या बॅगेत ठेवला, मला दाखवून. कांदाही.

डोळ्यांत पाणी आलं, पण ते कुणी बघितलं नाही.

शुक्रवार, २ ऑगस्ट

फोन आला. त्यांची सुट्टी शुक्रवारी, म्हणजे आपल्या सकाळी नंदा कामावर निघायच्या आधी बोलणं होतं. आवाज अगदी शेजारच्या खोलीतून यावा तसा.

"आई, अनारसे पाच मिनिटांत फस्त! आमच्या कॅम्पमध्ये एक फिलिपिनो फोरमन आहे, तो तर बोटं चाटत होता. विचारत होता, इज इट फ्रॉम युवर मदर?"

"मग काय सांगितलंत?"

"येस म्हटलं."

दिवसभर माझे पाय जमिनीवर नव्हते. अमेरिकेतल्या तांदळाचे, चंद्रपूरच्या बाईने केलेले अनारसे सौदी अरेबियात फिलिपाइन्सच्या माणसाने खाल्ले. वीणाच्या ग्लोबवर बोट फिरवून बघितलं, केवढी फेरी झाली.

शुक्रवार, ९ ऑगस्ट

सगळं ठीक. पाणी पितात, दुपारी सावलीत बसतात. एक तक्रार केली. "आई, इथे पंचा वाळतच नाही. सकाळी ओला केलेला संध्याकाळी पिळला तरी पाणी निघतं."

मी म्हटलं, "मग उत्तमच की! पुन्हा पुन्हा भिजवायला नको. आमच्याकडे दहा मिनिटांत कडकडीत होतो."

ते "हं" म्हणाले. आवाज थकलेला वाटला. कॉफी सुटल्यामुळे असेल. सवय सुटताना डोकं दुखतंच.

शुक्रवार, १६ ऑगस्ट

आज अधिक महिना संपला. फोन आला नाही. नंदाला ऑफिसात आला होता म्हणे. ती दुपारीच घरी आली, बॅगसकट न्हाणीघरात गेली आणि बराच वेळ नळ सोडून बसली. बाहेर आली तेव्हा डोळे लाल. म्हणाली, "हेमकडे नवीन पंप आलाय, तो बिझी आहे. आणि मला हे-फीवर झालाय, आई. इथे ऑगस्टमध्ये होतो सगळ्यांना. गवताची पोलन, पराग नाकात जातो."

ओव्याची पुरचुंडी करून दिली. अमेरिकेत गवतसुद्धा माणसाला रडवतं.

रविवार, १८ ऑगस्ट

आज बोलले जावई. त्यांच्या एका सहकाऱ्याला ऊन लागलं. साइटवरच पडला. दोन दिवस दवाखान्यात होता, आता बरा आहे.

मी एकदम उठून उभी राहिले. विचारलं, "घाम थांबला होता का?"

"हो, आई. तुम्ही सांगितलं होतं ना, तसंच. आधी कानात गूं गूं होतं. मग पाय आपले नाहीतच असं वाटतं. आकाश पांढरं दिसतं, नुसतं पांढरं, आणि खूप झोप येते." मग जरा थांबून म्हणाले, "असं तो सांगत होता."

"मग काय केलंत?"

"फोरमनने कपडे काढले, पाणी मारलं, काखेत बर्फ ठेवला आणि ट्रकमध्ये एसी लावून नेलं."

फोरमन चांगला निघाला. अनारसे सत्पात्री पडले. आणि जावईही किती बारकाईने ऐकतात लोकांचं! दुसऱ्याचं दुखणं स्वतःचं असल्यासारखं सांगितलं त्यांनी. हे गेले त्या दिवशी त्यांना काय वाटलं असेल ते मला कधी कळलंच नव्हतं. आज कळलं. झोप येते म्हणे. म्हणजे फार दुखलं नसेल.

शुक्रवार, २३ ऑगस्ट

नंदाचा हे-फीवर जातच नाही. वरच्या खोलीत दार लावून फोनवर बोलते आणि खाली येताना नाक ओढते. ओवा चालला नाही, आता हळददूध देते.

शुक्रवार, ३० ऑगस्ट

मी आधी त्या सहकाऱ्याची चौकशी केली. परत साइटवर यायला लागला म्हणे.

"इतक्यात? उन्हाने एकदा धरलेला माणूस पुन्हा लवकर सापडतो त्याला! घरी कुणी सांगणारं नाही का?"

"आहेत, आई. पण सगळ्यांना कळवलेलं नाही. उगीच घाबरतील. मॅनेजर त्याला परत जा म्हणतो, पण लवकर घरी गेला तर का आलास ते सांगावं लागेल ना."

"मूर्ख आहे!" मी म्हटलं. "घाबरून कुणी मरत नाही, हेमचंद्रराव. उन्हाने मरतात. सांगा त्याला."

मग म्हणाले, "लाइन खराब आहे, आई," आणि नंदाला द्यायला सांगितलं. लाइन तर मला स्वच्छ येत होती.

शनिवार, ७ सप्टेंबर

लिहायला हात होत नाही, तरी लिहिते.

गणपती जवळ आले म्हणून मोदकांच्या तयारीला लागले. नंदा वीणाला घेऊन पोहण्याच्या क्लासला गेली होती. गॅरेजमधल्या मोठ्या फ्रीझरमध्ये खोवलेला नारळ शोधत होते. मटारांच्या खाली, मक्याच्या खाली, तळाशी माझा डबा. वरून चांदीचा कागद, त्यावर पिशवी, त्यावर आणखी एक पिशवी. आत सगळे तेहेतीस. एकही हललेला नाही.

मला आधी रागच आला. मोठा राग. नको होते तर तोंडाने सांगायचं! पाच मिनिटांत फस्त म्हणे. बोटं चाटत होता म्हणे.

डबा तसाच पोळपाटाशेजारी ठेवून बसले होते तेवढ्यात कांचन आली. नंदाची मैत्रीण, मोदकांचा साचा द्यायला. तिचा नवरा आधी बहरीनला होता. डबा बघून म्हणाली, "अय्या मावशी, अनारसे! फ्रीझरमध्ये कशाला?"

म्हटलं, "जावई न्यायला विसरले."

"नेले नाहीत तेच बरं. वर खसखस आहे ना! तिकडे खसखस अजिबात चालत नाही, मावशी. अफूचं बी ते. शर्टाला दोन दाणे चिकटलेले सापडले तरी डायरेक्ट आत. आम्ही तर बॅगा झटकून झटकून न्यायचो."

ती गेल्यावर मी तशीच बसून राहिले. बॅगेच्या शिवणींतून फिरणारी ती नळी डोळ्यांसमोरून जाईना. हात जोडून दिलेलं वाण, त्यात मी जावयाला तुरुंग भरून देत होते. आणि तो माणूस वाकून नमस्कार करून "सगळे नेतो" म्हणाला. टाकूनही दिले नाहीत. वाण आहे, टाकवलं नसेल.

राग कधी गेला कळलंच नाही. पण त्याच्या जागी दुसरं काही आलं, आणि ते फार वाईट होतं.

जो माणूस न खाल्लेल्या अनारशांचं इतकं गोड सांगू शकतो, तो आणखी काय काय गोड करून सांगत असेल?

आकाश पांढरं दिसतं. पाय आपले नाहीत. हे दुसऱ्याचं ऐकून सांगता येतं का कुणाला? फोरमनने कपडे काढले, फोरमनने बर्फ ठेवला. मग जावई तेव्हा कुठे होते? काय करत होते? मी विचारलंसुद्धा नाही. मी फोरमनचं कौतुक करत बसले.

आणि पंचा. मी उठून बेसिनमध्ये फडकं भिजवलं, पिळलं, हातात धरून उभी राहिले. पंचा वाळतो म्हणून तो गारवा देतो. जिथे पंचा वाळत नाही तिथे घाम तरी कसा वाळेल? अंगावर पाणी राहतं आणि आतला जाळ आत. तो मिनेसोटाचा डॉक्टर हेच सांगत होता आणि मी त्याच्या बर्फाची थट्टा केली. माझं ऊन चंद्रपूरचं. दम्मामचं ऊन मी पाहिलेलंच नाही.

नंदा आली. मी तिला एकच विचारलं. "तो सहकारी कोण?"

तिने डबा बघितला. मग खुर्चीत बसली आणि लहानपणी रडायची तशी मोठ्याने रडली. हे-फीवर कसला डोंबलाचा. म्हणाली, "तो म्हणतो, आईंना कळता कामा नये. एकदा भोगून झालंय त्यांचं. मॅनेजर कधीचा तिकीट देतोय, पण आत्ता आलो तर त्यांना सगळं कळेल, म्हणून ऑक्टोबरपर्यंत ओढतो म्हणतो. मी रोज सांगते, आई. ऐकतच नाही."

म्हणजे तो माणूस त्या जाळात उभा आहे तो माझ्यासाठी. मला वाईट वाटू नये म्हणून.

मी तिचे डोळे पुसले आणि सांगितलं, त्याला यातलं काही बोलू नकोस. शुक्रवारी फोन मी घेते. गळ्याला हात लावून शपथ घातली. तिने वीणाला सांगितलं, "आजी विल हँडल इट." वीणा म्हणाली, "ओके, गुड." पोरीचा माझ्यावर भरवसा आहे.

शुक्रवार, १३ सप्टेंबर

आठवडाभर मनात घोळवलं होतं. सरळ विचारलं असतं तर त्यांनी पुन्हा काहीतरी गोड रचलं असतं, आणि वर मला कळलं याचं ओझं घेऊन बसले असते. त्यांनी मला आजवर 'नाही' म्हटलेलं नाही. मग त्यांनी हो म्हणावं असंच बोलायचं ठरवलं.

फोन वाजला. मी आधी हवापाणी विचारलं. मग म्हटलं, "हेमचंद्रराव, तुमच्या त्या सहकाऱ्याला माझा एक निरोप द्या."

"कोणता, आई?"

"त्याला म्हणावं, पंचा फेकून दे. जिथे पंचा वाळत नाही तिथे तो कामाचा नाही, हे सांगणारी बाई चुकली होती. तिला तिच्या गावापुरतंच कळत होतं. डॉक्टरचं बरोबर होतं. एसीच्या खोलीत बसून राहा, आणि मॅनेजर देतोय ते तिकीट घे."

पलीकडे श्वास ऐकू येत होता. लाइन स्वच्छ होती.

"आणखी सांगा, त्याला कुणाची तरी काळजी वाटते ना, ती घाबरेल म्हणून? तिला सगळं कळलंय. ती घाबरली, रडली आणि उठून स्वयंपाकाला लागली. धडधाकट आहे. तिने एकदा दारात असा आणलेला माणूस बघितलाय, पुन्हा बघणार नाही. तिच्या मनाची काळजी करू नकोस म्हणावं, तिचा माणूस तिला परत दे."

मग आवाज आला, कसाबसा.

"सांगतो, आई."

"ऐकेल का तो?"

"ऐकेल. रविवारचं विमान आहे. बसेल तो."

"बसवा त्याला. आणि पाणी प्यायला लावा."

नंदा जिन्यात उभी राहून ऐकत होती. रिसीव्हर तिच्या हातात दिला आणि मी आत आले.

अधिक महिना सरून महिना होत आला. देव काही कॅलेंडर धरून बसलेला नसतो. तांदूळ आजच भिजत घातले आहेत. खसखशीची बरणी वरच्या फळीवर ठेवून दिली. या वेळी नुसती साखर लावीन.